हातावरच्या ‘न’चा ‘ण’

आम्ही दोघं आत्ताच गोंदियाहून आलो. ताजं ताजं सांगते.

लग्नाच्या वर्षी, दिवाळीनंतर कामठ्याला भरणाऱ्या मंडईत, म्हणजे जत्रेत, आमच्या यांनी हातावर माझं नाव गोंदवून घेतलं. वीणाची झाली ‘वीना’! आमच्या झाडीपट्टीत ‘ण’ कुणाच्या जिभेवर बसतच नाही. मी पडले शाळेतली मराठीची बाई. हात दिसला की चिडवते.

आज हे स्वतःच लेझरवाल्या डॉक्टरबाईंकडे गेले. म्हणे, “फक्त ‘न’ काढा, तिथं ‘ण’ लिहून घेतो.”

डॉक्टरबाई हसल्या. “एक बार में नहीं जाएगा, भैया.” महिना-दीड महिन्यानं पुन्हा पुन्हा यावं लागेल, गरम तेल उडाल्यासारखं चटकेल, फोड येईल, वर पुसट डाग राहूही शकतो.

“चालते,” म्हणाले. काळा चष्मा लावून बसले. पहिलाच चटका बसला आणि ओरडले, “वीना वं, जरून रायलं!”

मी उठले. “मॅडम, मशीन बंद करा. बरोबर लिहिलं आहे.”

वीणा मी कागदावर. दुखलं की यांच्या तोंडी येते, ती वीना.

तुमचं नाव असं चुकीचं कोण घेतं? सांगा. आणि दुरुस्त करू नका.