किरण मोजणारे साहेब

मी आमच्या आबांना कॅन्सरवरच्या किरणोपचारासाठी सांगलीच्या एका रुग्णालयात नेत असे. तिथले फिजिक्सवाले साहेब रोज पहिल्या रुग्णाआधी प्लास्टिकच्या ठोकळ्यावर किरण सोडून त्यांची मात्रा बरोबर आहे का ते मोजत.

"साहेब, यंत्र काय रातीत म्हातारं हुतंय व्हय?" मी छेडायचो.

"होऊ शकतं," ते आकड्यावरून नजर न काढता म्हणायचे.

एकदा आकडा खरंच वाढला. पहिला नंबर आबांचाच होता, पण साहेबांनी उपचार थांबवले.

"आटपाडीहून आलोय. एवढ्यानं काय हुतंय?" मी गयावया केली.

"जास्तीचा किरण आबांनाच जाळेल," म्हणत त्यांनी यंत्राची किल्ली खिशात टाकली.

माजी सुभेदार आबांनी पलटणीतल्या ठेवणीतल्या शिव्या काढल्या. साहेब सगळ्या ऐकत शांत उभे. फौजेपुढे न हललेला एमएस्सी मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त यंत्राखाली आडवे होत आबा म्हणाले, "साहेब, तुमी सांगाल तवर हलणार न्हाई."