सरांचा पुतळा झाला, मैदान गेलं

आज सकाळी आमच्या मैदानावर कबड्डीच्या सरांच्या पुतळ्याचं उद्घाटन झालं. सर मागच्या वर्षी गेले.

पुतळ्यात सर उभे नाय, कबड्डीत पकडतात तसा आडवे पडून घोटा पकडतायत. पण त्या लोखंडी हातांत कुणाचाच पाय नाय. पोरं हसली, "सर घसरले काय रं?"

पुतळ्याभोवती सगळ्या मातीवर लाद्या बसवल्यात. उद्घाटनाला आलेले साहेब काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, बोलले, "सर अमर झाले!"

काकू हळूच बोलल्या, "लाद्यांवर ते पोरींना कधी उतरवत नव्हते. गुडघे फुटतात."

मी शाळा सोडली तवा सर घरी आलेले. बोलले, "शाळा सुटली, मैदान सोडू नको."

आज साहेबांना विचारायचं राहिलं. म्हणून पनवेलकरांनो, तुमाला विचारते. उद्यापासून आमी पोरींनी खेळायचं कुठं?