दोन नंबरचा रिमोट

बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात वर्षातून एक दिवस सगळ्यांनी मिळून आनंदी व्हायचं असतं. यंदा त्यासाठी जेवणाच्या हॉलमध्ये जुन्या व्हिडिओ गेमचा कोपरा करायचं ठरलं. टीव्हीला जोडायची ती जुनी यंत्रं कोणाकडेच उरली नव्हती, म्हणून लॅपटॉपवर एम्युलेटर चालवायचं. एम्युलेटर म्हणजे त्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम. असे पुष्कळ मिळतात. त्यातलं कोणतं सोंग चांगलं वठतं हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. बायकोच्या मते हे काम मी फुकटही केलं असतं.

सोबत माझ्याच टीममधली एक जण होती. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडचं, कन्नड मुलखातलं. घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीने कन्नडशी संसार थाटलेला. वयाने माझ्याएवढीच असून ती मला अण्णा म्हणते. सुरुवातीला मला ते आवडायचं नाही, आता कोणी दुसरं काही म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी सकाळी जे. पी. नगरहून कॅबने येताना नागपूरहून ताईचा फोन आला. आई ताईकडे राहते. भावजींची नोकरी चंद्रपूरला, ते रविवारपुरते घरी असतात. आईचे दोन्ही गुडघे गेलेत.

"डॉक्टर म्हणून राहिले दोन्हीचं ऑपरेशन एकदम करू, नाहीतर एकेक करू," ताई म्हणाली. "शनिवारपर्यंत सांगायचं आहे. तुला काय वाटते? मला एकटीला जमून नाही राहिलं."

"तू ठरव," मी म्हणालो. "तुझं ठरलेलंच असतं. मला कशाला तोंडदेखलं विचारतेस? दोन नंबरचा रिमोट नको देऊ मला."

हे आमच्या घरातलं जुनं वाक्य आहे, आणि त्याचा मालक मीच. ताईने कशातही माझं मत विचारलं की मी हेच ऐकवतो. तिच्या लग्नाच्या हॉलपासून बाबांच्या वर्षश्राद्धापर्यंत सगळीकडे मी ते वापरलेलं आहे. ते ऐकल्यावर ती फोन ठेवते. त्या सकाळीही ठेवला.

झालं होतं असं. मी सहा वर्षांचा, ताई दहाची. घरात कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम आला. त्यात हेल्मेट घातलेल्या एका खाणकामगाराचा खेळ होता. तो एकट्याने खेळायचा, पण यंत्राला रिमोट दोन. मी रडारड केली की ताई मला दुसरा रिमोट द्यायची आणि सांगायची, "तू उडीचं बटण दाबून धर. सोडायचं नाही." मी अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरायचो. सहाव्या टप्प्यात एक रुंद खड्डा होता. तो आम्ही पार केला की ती माझ्या पाठीवर थाप मारायची. दोन महिने मी स्वतःला खेळाडू समजत होतो.

मग दिवाळीच्या सुटीत मुंबईहून आतेभाऊ आला. तो बारा वर्षांचा होता, म्हणजे त्याला सगळं येत होतं. आम्ही खेळत असताना त्याने सगळ्यांदेखत माझ्या रिमोटची वायर उपटली. पडद्यावरचा माणूस आपला चालतच राहिला. "याचा रिमोट नुसता खेळणं आहे," तो म्हणाला. घरभर हशा पिकला. बाबाही हसले. ताई ओरडत होती, "खड्डा येऊ दे, मग बघा." मी रिमोट फेकला आणि निघून गेलो. पुन्हा तिच्याबरोबर खेळायला बसलो नाही. लहान मुलांना गप्प बसवायला अशी फसवणूक पुष्कळ घरांत होते हे मला पुढे कळलं, पण राग काही गेला नाही.

तपासायला मी तोच खेळ घेतला. त्यात भावनेचा काही संबंध नव्हता. ज्या वस्तूची चाल पाठ असते तिच्यावरच सोंगाची परीक्षा घ्यावी, एवढंच. त्याची फाइल कुठून आली हे ऑफिसात कोणी विचारलं नाही.

पहिलं एम्युलेटर देखणं होतं. चित्र स्वच्छ, आवाज गोड, पण बटण दाबल्यावर माणूस किंचित विचार करून उडी मारायचा. दुसरं फार कर्मठ होतं. जुन्या यंत्रावर एका ओळीत चार शत्रू आले की चित्र लुकलुकायचं, ते लुकलुकणंसुद्धा त्याने जपलं होतं. तिसरं दिसायला गबाळं आणि त्याचा मेनू तर शत्रूलाही नको. त्यात एकच सोय बरी होती, दोन कंट्रोलर, म्हणजे हल्लीचे रिमोट, जोडले की ते दोन्ही आपोआप चालू व्हायचे. पहिल्या दोघांत दुसरा कंट्रोलर मुद्दाम चालू करावा लागे, आणि एकट्याच्या खेळाला तो कोण कशाला चालू करेल?

पहिल्या दोन्ही एम्युलेटरवर मी सहाव्या टप्प्यातल्या खड्ड्यात पडत होतो. तीस-चाळीस वेळा पडलो. उडी थोडक्यात कमी पडायची.

"स्वल्प आधी उडी मारा ना, अण्णा," सहकारी म्हणाली.

"लहानपणी रोज पार करायचो मी हा," मी चिडून म्हणालो. 'उडीचं अंतर चुकतं' असा दोष मी दोघांच्या नावावर मांडून टाकला.

तिसऱ्याच्या वेळी ती कंटाळून दुसरा कंट्रोलर मांडीवर घेऊन बसली होती. एका हाताने फोनवर काहीतरी वाचत होती, दुसऱ्या हाताचा अंगठा सहज बटणावर. मी खड्ड्याच्या काठावरून उडी मारली. माणूस वर गेला, आणखी वर गेला, आणि सावकाश पलीकडे उतरला.

"मी काही केलं नाही हं," ती म्हणाली.

"बटण दाबलं आहेस?"

"चुकून. सोडू?"

"नको. धरून ठेव."

आमच्या धंद्यात एकदा घडलेल्या गोष्टीला किंमत नसते. बटण दाबून तीनदा करून पाहिलं, तीनदा पार. न दाबता तीनदा, तीनदा खड्ड्यात. मग पहिल्या दोन एम्युलेटरमध्येही दुसरा कंट्रोलर चालू केला. तिथेही तेच. म्हणजे खेळ मुळातच तसा होता. बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी तपासण्यापुरती ती लांब उडी ठेवली असणार आणि काढायची राहून गेली असणार.

"सरी, बरं, मग तिन्ही पास?" तिने विचारलं.

मी आधी मांडलेला दोष खोडला आणि कर्मठ एम्युलेटरच्या नावापुढे खूण केली. आनंद वगैरे झाला नाही. मला लाज वाटली. सपाट जमिनीवर वायर उपटून काहीच कळणार नव्हतं, आणि तेच तर ताई ओरडून सांगत होती. त्या दिवाळीपासून पस्तीस वर्षं चुका काढत आलो आणि ही एक साधी गोष्ट तपासून पाहिली नव्हती.

जेवणाच्या सुटीत जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं.

"मग?" ती म्हणाली. "हेच तर सांगत होते ना मी."

"मी उठून गेल्यावर तू काय केलंस?"

"तुझा रिमोट खाली ठेवायची अन् पायाच्या अंगठ्याने बटण दाबायची. सारखा निसटायचा. एकदाच झाला खड्डा पार. तुला बोलवायला आले तर तू दार लावून बसला होतास."

"पुढे काय होतं?"

"आता कुठं आठवते? झालं का तुझं? मला आईला उठवायचं आहे."

"ताई, सकाळी तू म्हणालीस, एकटीला जमत नाही. काय जमत नाही?"

ती बाजारहाटाचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बाथरूममधून आणताना एका बाजूनं मी धरते, दुसऱ्या बाजूनं ती भिंत धरते. भिंत संपली की पलंगापर्यंत चार पावलं आहेत. तिथं धरायला काही नाही. मंगळवारी दोघी पडलो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. एकटीला जमत नाही, तू पाहिजे, म्हणून सांगितलं. या महिन्यात तीनदा सांगितलं."