पुण्याच्या ताईला डीपीची खबर

ते प्रकरण विसरून जा असे मला माझ्याच खात्यातल्या चार लोकांनी सांगितले होते. मी विसरलेले नाही. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, सासुरवासाच्या फिर्यादी पुष्कळ पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच आता डोक्यातून गेल्या. हे गेले नाही, कारण यात चूक चोराइतकीच आमची होती.

माझे शिक्षण सातवी. त्या काळी सातवीवर बाईला पोलिसात घेत. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सगळी नोकरी झाली. हे प्रकरण निवृत्तीच्या आधी काही वर्षांचे. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होते. गावाचे नाव आणि माणसांची नावे लिहीत नाही.

एका सकाळी मळ्यातल्या वस्तीवरचा एक बागायतदार फिर्याद घेऊन आला. थोरला भाऊ फौजेत, घरात म्हातारे वडील, भावजय, भावाची अकरा वर्षांची मुलगी आणि हा. आदल्या दिवशी सगळे घर लग्नाला गेले होते. परत येऊन बघतात तर भावजयीचे दागिने गेलेले. कुलूप तुटलेले नाही, उचकापाचक नाही. ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून ठेवलेला डबा तेवढा कोणीतरी अचूक काढून नेला होता.

चोर कोण, हेही तो सांगूनच आला होता. पुतणीकडे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता. बापाने सुट्टीवर येताना आणलेला. त्यात इंटरनेट नव्हते. बाजारपेठेत मशिदीच्या बोळात घड्याळे, रेडिओ आणि असले गेम दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. त्याला सगळे चाचा म्हणत. या चाचाने गेम उघडून आत वायफायची चिप बसवून दिली होती. तेव्हापासून पोरगी दुसऱ्या गावच्या पोरांबरोबर खेळू लागली. खेळताना एकमेकांना लिहूनही पाठवता येई. त्यात तिला ‘पुण्याची ताई’ नावाची एक मैत्रीण मिळाली आणि पोरीने ताईला दागिन्यांची जागा सांगून टाकली.

“पुण्याची ताई बिई कोण न्हाई,” फिर्यादी म्हणाला. “त्यो चाचाच हाय. त्यानंच चिप बसवली, त्योच आतनं बोलतोय. लय पोचलेला म्हातारा हाय.”

आमच्या निरीक्षक साहेबांना हे पटले. मलाही पटले, हे मी लपवत नाही. वायफाय म्हणजे काय ते ठाण्यात कोणाला धड माहीत नव्हते. ज्याने ते बसवले तोच गुन्हेगार, हा हिशेब सगळ्यांना सोपा वाटला. दुकान दुसऱ्या बोळात असते आणि नाव वेगळे असते तर आधी चौकशी झाली असती आणि मग अटक. हे मला तेव्हाही कळत होते. बोलले नाही.

झडतीला मी गेले. गाळा एवढासा, तीन माणसे उभी राहिली की भरला. चाचाने बाटल्यांच्या झाकणांत बारीक स्क्रू निवडून ठेवले होते, प्रत्येक झाकणात एकाच मापाचे. मी ते सगळे एका पिशवीत ओतले. तो फक्त एवढेच म्हणाला, “बाई, आकारानं वेगळे हायत ते.” मी म्हटले, गप बस. पंचांसमोर गेम उघडला तेव्हा पडद्यामागे केसासारखी बारीक वायर चिकटवलेली निघाली. ती वायफायची लहर पकडायची वायर, असे तो सांगत होता. पंचनाम्यात आम्ही लिहिले, संशयास्पद वायर. पंच त्या वायरीकडे सापाकडे बघावे तसे बघत होते.

ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, चिप कोणाच्या सांगण्यावरून बसवली? चाचाने सरळ सांगितले, “ह्योच घिऊन आलता. पोरीचा चुलता. म्हणाला, पोरगी हट्ट करतीया, इंटरनेट बसवून द्या.”

साहेब हसले. फिर्यादीच स्वतःच्या घरात चोर सोडेल काय, असे म्हणाले. मी जबाब लिहून घेत होते. साहेब हसले म्हणून मी ते वाक्य लिहिले नाही. पेन माझ्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. त्या दोन दिवसांत काय झाले ते सगळे लिहीत नाही. माणूस साठीच्या पुढचा होता आणि त्याला रात्रभर उभे केले होते, एवढे पुरे. तो एकच उत्तर देत राहिला. तिकडे गाळ्याच्या मालकाने शटरला स्वतःचे कुलूप घातले. चोराला जागा देत नाही, म्हणाला.

गेममधले सगळे लिखाण जिल्ह्याला तपासाला पाठवायचे होते. तिथून उत्तर यायला महिने लागत. साहेब म्हणाले, तोवर हाताने उतरवून काढा. हे काम माझ्याकडे आले, कारण दुसरे कोणी एवढा वेळ बसायला तयार नव्हते. पुण्याच्या ताईने काय लिहिले, पोरीने काय लिहिले, वार आणि वेळेसकट मी फुलस्केप कागदावर उतरवले. मला भरभर वाचता येत नाही. एकेक ओळीवर बोट ठेवून वाचते. त्यामुळे एक गोष्ट दिसली.

ताई एका ठिकाणी लिहीत होती, या आठवड्यात भेटणार नाही, सोमवारपासून सकाळी नऊनंतर भेटू. पुढच्या आठवड्यात रोज दिवसा बोलणे. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवसा भेट नाही. एक आठवडा आड, एक आठवडा चालू.

माझे माहेर कुंडलचे. माझ्या भावांचे सगळे आयुष्य या तालावर चालले आहे. शेतीच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाणी पाजणाऱ्या माणसाला ही पाळी विचारावी लागत नाही, ती त्याच्या झोपेतच बसलेली असते. पण पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ताईला मळ्यातल्या लाईटची पाळी कशाला पाठ असेल?

मी लॉकअपपाशी गेले आणि चाचाला विचारले, पुढच्या आठवड्यात लाईट दिवसाची का रात्रीची?

 तो म्हणाला, “बाई, पेठेत लाईट असती तवा असती, जाती तवा जाती. पाळी कसली?”

त्याच दुपारी मी साध्या साडीत वस्तीवर गेले. लहान मुलीचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. दीर आणि सासरे शेतात होते, घरी मुलगी आणि तिची आई. आई कमी बोलणारी बाई होती. मुलीचे डोळे रडून सुजलेले. तिला घरातल्या सगळ्यांनी, तुझ्यामुळे झाले, असे ऐकवले होते. मी तिला विचारले, गेमला वायफाय कुठून मिळतं? तिने मागच्या दाराने मला शेजारच्या मोटारीच्या खोलीकडे नेले. मोटारी आणि केबली चोरीला जातात म्हणून चुलत्याने तिथे कॅमेरा बसवला होता आणि कॅमेऱ्यासाठी वायफायचा डबा. तो डबा मोटारीच्या लायनीवर होता. मोटारीची लाईट आली की वायफाय सुरू, लाईट गेली की कॅमेराही बंद. चोरांसाठी लावलेला कॅमेरा अंधारात झोपतो, हे बघून मला हसू यायला हवे होते. आले नाही.

मग मी आईला कागदावरची एक जागा दाखवली. मध्येच चार दिवस ताईने एक अक्षर लिहिलेले नव्हते. पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजून दोन मिनिटांनी तिने विचारले होते, आलीस का? मी विचारले, या चार दिवसांत इथे काय झालं होतं?

आईने तारखेवर बोट ठेवले. 

“डीपी जळाला होता,” ती म्हणाली. डीपी म्हणजे लायनीवरचा ट्रान्सफॉर्मर. “आमच्या सात-आठ घरांचाच डीपी हाय. चार दिवस लाईट न्हवती. नवा आणायला आमचं दाजीच ट्रॅक्टर घिऊन गेलतं. तीन वाजता बसला.”

दाजी म्हणजे तिचा दीर. म्हणजे फिर्यादी. तिने एवढेच सांगितले आणि उठून चुलीकडे गेली. चहा ठेवायचा म्हणून नाही. तिला बसवत नव्हते.

संध्याकाळी फिर्यादीला, जबाबात एक दुरुस्ती आहे, असे सांगून ठाण्यात बोलावले. तो आला तो चाचाने कबूल केले का, असे विचारतच आला. मी त्याला खुर्ची दिली. उसाचे, पाण्याचे काढले. पुढच्या आठवड्यात लाईट कशी, म्हटले. त्याने अख्ख्या महिन्याची पाळी घडाघडा सांगितली. मग मी माझा कागद त्याच्यापुढे ठेवला.

“ह्ये तर समद्यांना ठावं असतंय, बाई.”

“समद्यांना आसंल,” मी म्हणाले. “पुण्याच्या ताईला कसं ठावं? आन् डीपी बसल्यावर दोन मिन्टांत तिला खबर कुणी दिली?”

तो म्हणाला, सातवी शिकलेल्या बाईनं मला कायदा शिकवू नये. त्यावर साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली आणि त्याचा मोबाईल मागितला. मोबाईलमध्ये तोच गेम होता. पुण्याची ताई त्यातच बसली होती. दागिन्यांचा डबा मोटारीच्या खोलीत पेंडीच्या पोत्यात निघाला. लग्नाला निघायच्या आधीच त्याने तो तिथे नेऊन ठेवला होता. भाऊ सरहद्दीवर, आणि हा त्याच्या पोरीशी ताई होऊन गप्पा मारत होता. शाळेत काय झालं विचारायचा, आईला सांगू नको म्हणायचा, आणि हळूच, आई दागिने कुठं ठेवते, मी माझे कपाटात ठेवते, असे काढून घ्यायचा. दागिने गेल्याचे कळल्यावर पोरीच्या कानशिलात मारणाराही हाच होता.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण म्हातारे आजोबा दोन पुढाऱ्यांना घेऊन ठाण्यात आले. म्हणाले, “आवं सायेब, घरातलंच हाय. मुद्देमाल मिळाला, आता मिटवून टाका. फौजेतल्या पोराला कशाला कळवायचं?” तीन दिवसांपूर्वी हेच लोक चाचाला फासावर द्या म्हणत होते. दुसऱ्याच्या घरातला माणूस असला की तो गुन्हा, आणि आपला असला की ते घरातले. साहेब विरघळायच्या बेतात होते. तेव्हा ती कमी बोलणारी सून पदर खोचून पुढे आली आणि सासऱ्यासमोर म्हणाली, “दागिनं माझं हायती. फिर्याद मी देती.” तिच्या नावाने फिर्याद लिहून मी तिची सही घेतली. दिराला अटक झाली.

चौथ्या दिवशी चाचा सुटला. कोणी त्याला बस म्हटले नाही, पाणी विचारले नाही. तो दाराशीच उभा राहून साहेबांना म्हणाला, मला लिहून द्या. गाळ्याचा मालक म्हणतोय, पोलिसांचा कागद आण, तवाच कुलूप काढीन.

साहेब म्हणाले, कलम १६९ चा अहवाल कोर्टात जाईल, पुरेसा पुरावा नाही म्हणून तुला सोडले असे त्यात असेल, तो घे.

चाचा म्हणाला, “सायेब, पुरावा कमी पडला म्हंजे मी केलंय, पर घावलं न्हाई, असंच झालं की. मी केलंच न्हाई, असं लिव्हा.”

साहेब म्हणाले, तसा नमुना नाही.

हे खरे होते. मी रेकॉर्डला काम केले आहे. माणसाला अटक करायचा नमुना आहे, झडतीचा आहे, मुद्देमालाचा आहे, त्याच्या दहा बोटांच्या ठशांचाही आहे. आम्ही चुकलो, हा माणूस निर्दोष आहे, असा नमुना कुठल्याही कपाटात नाही. इतक्या वर्षांत तो कोणाला लागला नाही, असे मला वाटत नाही.

मी एक साधा कागद घेतला. लिहिले की अमुक माणसाने चोरी केलेली नाही, चोर दुसरा सापडला आहे, याला आम्ही चुकीने धरले. खाली सही केली आणि बक्कल नंबर टाकला. साहेब म्हणाले, बाई, अंगाशी येईल. मी कागद चाचाच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला. आभार मानले नाहीत. का मानावेत? स्क्रूंची पिशवी मागून घेतली आणि गेला. गाळा उघडला, असे पुढच्या आठवड्यात पेठेतून जाताना दिसले. मला बघून त्याने मान खाली घातली आणि काम चालू ठेवले.

पंधरा दिवसांनी मला मेमो आला. कोणत्या नियमान्वये सदर लेखी दिले, याचा खुलासा करावा. मी खुलासा लिहिला, असा नियम नाही म्हणून साध्या कागदावर दिले, आणि त्या माणसाने चोरी केलेली नव्हती. माझी एक वेतनवाढ रोखली.

खात्यात नव्याने येणाऱ्या पोरापोरींना माझे एकच सांगणे आहे. यंत्र कळले नाही तर कळले नाही म्हणा, न कळलेल्या यंत्रासाठी माणूस धरू नका. आणि समोरचा जे बोलतो ते लिहा, साहेब हसले तरी लिहा. त्या माणसाने पहिल्या तासात खरे सांगितले होते. मी ते लिहिले असते तर तीन दिवस वाचले असते, त्याचे आणि त्या पोरीचेही.

कोर्टात गेलेल्या अहवालात त्याच्या नावापुढे ‘पुरेसा पुरावा नाही’ असेच लिहिले गेले. त्याने चोरी केलेली नव्हती, हे वाक्य सरकारी कागदांत एकाच ठिकाणी आहे. माझ्या सेवापुस्तकात, शिक्षेच्या पानाला जोडलेल्या खुलाशात.