आमच्या कॉलेजात पोर्टल आलं तेव्हा

आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की पोर्टलचा विषय निघतोच. एकाने सांगितलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं, आणि घंटा होईपर्यंत कुणाचा डबा संपलेला नसतो. आता आम्ही हसतो. घडत होतं तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. माझी तर झोप उडाली होती.

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या अलीकडे आमचं कॉलेज. मी तिथे अर्थशास्त्र शिकवते. त्या वर्षी प्रिन्सिपल मॅडमनी मीटिंग घेतली आणि सांगितलं, "तपासणी समिती येणार आहे. लेक्चरचे व्हिडिओ, नोट्स, टेस्ट, सगळं पोर्टलवर हवं. मुलं मोबाइलवर बघतील. ज्यांचं होणार नाही त्यांनी मला येऊन कारण सांगायचं."

कारण सांगायला कोण जाणार?

* * *

माझं पहिलं रेकॉर्डिंग रिकाम्या वर्गात होतं. समोर स्टँडवर कॅमेरा. मी बोलायला लागले आणि अडले. वीस वर्षं शिकवतेय, पण समोर एकही चेहरा नसताना मला 'मागणी' हा शब्दसुद्धा धड उच्चारता येईना. चार वेळा सुरू केलं, चार वेळा पुसलं.

शेवटी पाणी घेऊन आलेल्या परबमामांना मी म्हटलं, "मामा, जरा पहिल्या बाकावर बसता का? काही करायचं नाही. नुसतं बघायचं माझ्याकडे."

परबमामा आमचे शिपाई, मालवणकडचे, रिटायर व्हायला आलेले. ते टोपी काढून बसले. मग माझी गाडी सुटली. माल वाढला की भाव का पडतो, ते मी मामांना चाळीस मिनिटं समजावलं. संपतासंपता मामांनी हात वर केला. "मॅडम, मगे आमच्या काजीचो भाव पडता, तो पण असोच काय?"

मी उत्तर दिलं. कॅमेरा चालू होता हे नंतर लक्षात आलं. पुन्हा रेकॉर्ड करायचं त्राण नव्हतं, म्हणून तसंच चढवलं. परीक्षेत त्या प्रश्नाला निम्म्या वर्गाने काजूचं उदाहरण लिहिलं.

* * *

मोरे सर संख्याशास्त्र शिकवतात. तीस वर्षं. शिस्तीचे. प्रत्येक तासाच्या शेवटी विचारणार, "समजलं?" आणि वर्ग म्हणणार, "हो सर."

पोर्टल बसवायला पवईहून एक इंजिनिअर मुलगी यायची. तिने सरांना दाखवलं की हाच प्रश्न मुलांच्या मोबाइलवर पाठवता येतो. नाव दिसत नाही, फक्त 'हो' किंवा 'नाही'. सर म्हणाले, "करून बघू." मी मागच्या बाकावर शिकायला म्हणून बसले होते.

सरांनी बटण दाबलं. पडद्यावर 'हो'ची पट्टी बोटभर. 'नाही'ची पट्टी वाढत वाढत कडेपर्यंत गेली.

सरांनी फळा पुसला, सावकाश, कोपऱ्यांसकट. मग म्हणाले, "पहिल्यापासून घेऊ." आणि घेतलं. आवाज जरासुद्धा चढला नाही.

स्टाफरूममध्ये आल्यावर त्यांनी चहाचा कप हातात धरला, पण प्यायले नाहीत. "सावंत मॅडम," ते म्हणाले, "आधीच्या मुलांचं काय केलं मी?"

चहा गार झाला.

* * *

सेमिस्टर संपत आलं तेव्हा पोर्टलने एक यादी काढली. व्हिडिओ पूर्ण न बघितलेल्यांची. त्यांना हॉल तिकीट नाही. माझ्या वर्गातलं एकच नाव होतं, मानसी तांडेल. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, सकाळच्या तासाला हल्ली दिसतच नव्हती. पोर्टलवर तिचा हिशेब विचित्र होता: दोन मिनिटं बघितलं, बंद. तीन मिनिटं, बंद. मी तिला बोलावलं आणि जरा जोरातच झापलं.

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आई पडली ना, कमरेचं हाड मोडलं. बाजारात मी बसते. गिऱ्हाईक आलं की तुम्हाला थांबवायला लागतं."

"आणि परत चालू कसं करतेस? हात तर ओले असतील."

"नाकाने."

तिने दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल, आणि त्यावर नाक टेकवून. मी तिला त्या धड्यातले सहा प्रश्न विचारले. सहाही बरोबर.

मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मला पटतंय, पण पोर्टल सलग बघितलेलंच धरतं. माझ्या हातात काय आहे?" हॉल तिकिटाला आठ दिवस उरले होते. मी पवईच्या त्या मुलीला फोन केला, आणि दोघींनी बसून माझ्या सगळ्या व्हिडिओंचे चार-चार मिनिटांचे तुकडे केले. मानसीने ते पुन्हा बघितले. शेवटच्या दिवशी दुपारी तिच्या नावापुढे 'पूर्ण' आलं. मजा म्हणजे बाकीचा वर्गही तुकडे झाल्यापासून जास्त बघायला लागला.

तिला तिकीट देताना म्हटलं, "झालं ना आता मनासारखं?"

"हो मॅडम. पण पुढच्या वेळी तीन मिनिटांचे करा ना. बांगडेवाली गिऱ्हाइकं एकामागोमाग येतात."

* * *

शेवटी समिती आली. समितीतल्या एका सदस्यांनी मोरे सरांच्याच वर्गात एका मुलाला उभं केलं. "या पोर्टलचा तुला नक्की काय फायदा झाला?"

मुलगा म्हणाला, "आता मोरे सरांना थांबवता येतं."

सदस्यांनी मोरे सरांकडे बघितलं. मग वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

* * *

पोर्टलवर प्रत्येक वर्गाची एक प्रश्नपेटी आहे. मुलांनी नाव न देता त्यात काहीही विचारायचं. बहुतेक वेळा 'हे परीक्षेला आहे का' एवढंच येतं.

एका दुपारी मी माझ्या वर्गाची पेटी उघडली तर त्यात एकच ओळ होती. 'मी उद्यापासून नसेन.'

मी ती तीनदा वाचली. कॉलेज सोडणार म्हणून लिहिलं असेल. गावाला जाणार असेल. की दुसरंच काही? मी पवईला फोन लावला. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, पेटीतलं नाव आमच्याकडेही साठत नाही. तसंच बनवलंय." मी हजेरीपट काढून एकेका नावावर बोट ठेवत बसले. समुपदेशक बाईंना सांगितलं, प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं. मग बाईंच्या सल्ल्याने पेटीतच उत्तर लिहिलं, सगळ्या वर्गाला दिसेल असं: 'माझा नंबर खाली आहे. कधीही फोन कर. उद्या सकाळी सात चाळीसच्या तासाला मी वाट बघतेय.'

फोन आला नाही.

सकाळी मी सातलाच वर्गात जाऊन बसले. मुलं येत गेली, मी मोजत गेले. पटावर बासष्ट. त्या वर्षात पहिल्यांदाच बासष्टच्या बासष्ट हजर होते.

मग मी उभी राहिले. म्हटलं, "काल पेटीत ज्याने कुणी लिहिलं, त्याचं नाव मला नको. तू वर्गात असलास, असलीस, तर पेटीत फक्त 'आहे' एवढं लिही. बाकीच्यांनी मोबाइल खाली ठेवा."

कुणीच मोबाइल खाली ठेवला नाही.

पडद्यावर पहिलं 'आहे' आलं. मग दुसरं. मग ते थांबेचनात. मी शेवटपर्यंत मोजले. बासष्ट होते.