सहावीच्या सावकारांचा चहा-नाश्ता

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे ओल्या पायांनी कोंबडी चालून गेल्यासारखं, त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितलेली बरी.

तर, माझ्यावर सहावीच्या मुलांचं कर्ज झालं होतं.

माझी प्राजू सहावीत. तिच्या मॅडमनी वर्गात बजेट आणि बचत शिकवायला घेतली. चार-चार मुलांनी खाऊचे पैसे जमवून महिनाभर बँक चालवायची. प्राजूच्या गटाची बँक, म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा, आमच्याच घरी आली. आणि नेमका सिलिंडरवाला दारात! प्राजूचे बाबा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेले, मला तीनशे रुपये कमी. शेजारी मागायची लाज वाटली, म्हणून डब्यातून घेतले. (पोरीला विचारून हो!)

दुसऱ्या संध्याकाळी दोन वेण्यांची मनस्वी, म्हणजे बँकेची मॅनेजर, सगळी बँक, म्हणजे गटातली पोरं, घेऊन हजर.

"काकू, महिन्याच्या आत कर्ज नाही आलं तं आमचे मार्क कटते."

"प्राजूचे बाबा आले का देते वं," मी दाराआडून म्हणाले.

"चालते. आमी बसतो."

आता घरी आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं? मी तर्री-पोहे केले. दुसऱ्या दिवशी बँक पुन्हा आली. मी आलुबोंडे तळले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "काहून वं, रोज कायची पंगत होऊन राहिली?"

वसुली चालू आहे, असं कोणत्या तोंडानं सांगू! "पोरं अभ्यास करून राहिले जी," म्हणाले आणि आत पळाले.

शेवटी प्राजूचे बाबा आले. संध्याकाळी बँक येताच मी तीनशे पुढे केले. मनस्वीनं हात मागे घेतला.

"एकदम नाही चालत काकू. आमच्या बँकेचा नियम आहे. रोज दहा-दहा."

"हा नियम कधी झाला वं?"

"काल. भजे खाता खाता."

भिडस्त माणसाचं असंच होतं. मी मुकाट्यानं दहा रुपये दिले आणि कढई चढवली. रोज दहा रुपये फिटायचे आणि शंभराचं तेल-बेसन संपायचं! प्राजू तर दोन प्लेटी रिकाम्या करून मलाच म्हणाली, "आई, तुझं बजेट बिघडून राहिलं वं!"

महिना संपत आला. उद्या मॅडम डबा तपासणार आणि कर्ज अजून अर्ध्याहून जास्त बाकी. माझ्यापायी चार पोरांचे मार्क जाणार! त्या काळजीत स्वयंपाकघरात गेले तर बेसन नाही, पोहे नाहीत, रवा नाही. होती फक्त कारली. तीच केली आणि पोळीबरोबर वाढली.

मनस्वीनं एक घास घेतला. बाकी बँकेकडे पाहिलं. बँक ताटाकडे पाहत होती.

"काकू," ती पाणी पिऊन म्हणाली, "आज सगळे एकदम देले तरी चालते."

मी उरलेली रक्कम तिथल्या तिथे मोजून दिली. कर्ज पूर्ण फिटलं.

"आन् व्याज माफ केलं बरं काकू!" तिनं जाता जाता मोठ्या मनानं सांगितलं.

व्याज तर मी महिनाभर तळून वाढलं होतं!