रेघेबाहेरचा लाल

घरात कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारली की ती दचकायची, कारण तशी हाक म्हणजे हमखास काहीतरी बिनसलेलं असायचं. एरवी ती सगळ्यांची चुळबुळ. पंचेचाळिशी गाठली, दोन मुलांची आई झाली, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रकार म्हणून नाव झालं, तरी घरात चुळबुळच. पायाला भिंगरी असलेली माणसं निदान गावं तरी पालथी घालतात. हिची भिंगरी घरातल्या घरात. चित्र उभ्यानेच काढायची. एक रेघ मारली की खिडकीपर्यंत जाऊन यायची. रंग कालवला की गॅसवर काही राहिलंय का ते बघून यायची, आणि नसलं तर काहीतरी ठेवून यायची. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हिला बसवून दाखवा, मी नोकरी सोडतो." कुणालाही ते जमलं नाही आणि त्याची नोकरी शाबूत राहिली.

तिच्या उंच टेबलासमोरच्या भिंतीला घरात 'गुरूंची भिंत' म्हणत. तिथे काडेपेटीवरचा वाघ होता, ज्याच्या चित्रकाराचं नाव कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. बियाण्याच्या पाकिटावरचा टोमॅटो होता. दवाखान्यातला जुना तक्ता होता, त्यात माणसाचं आतडं इतक्या मायेने काढलं होतं की हे काम बाईचंच, असा चुळबुळीचा हट्ट होता. आग लागली तर जिन्याने पळा, असं सांगणारी, पळत्या माणसाच्या चित्राची पाटीही होती. मुलं हसायची. "आई, हाही गुरूच का गं?" ती म्हणायची, "डोक्यावर आग आणि चेहऱ्यावर ढिम्म काही नाही, असा माणूस तुम्ही काढून दाखवा, मग हसा."

पण या सगळ्यांच्या वर, भिंतीच्या मधोमध, एका छोट्या फळीवर एक पुस्तक असायचं. हाताने शिवलेलं, बिनकव्हराचं, कोपरे झिजलेलं. तिचे बाबा छापखान्यात मशीन चालवायचे. छापून उरलेले कागद त्यांनी घरी आणले, घड्या घातल्या, जाड दोऱ्याने शिवले आणि पाच वर्षांच्या चुळबुळीच्या हातात दिले. गोष्ट होती सगळीकडे उशिरा पोचणाऱ्या एका मुलीची. काळ्या रेघेत काढलेली मुलगी, अंगात लाल झगा, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक मुंगी. ती मुंगी म्हणजे चित्रकार बाईंची सही. चुळबुळीने त्यांना तेव्हापासून मुंगीबाई म्हणायला सुरुवात केली.

त्या चित्रांत एक अजब गोष्ट होती. लाल रंग झग्याच्या रेघेत राहतच नव्हता. काही पानांवर तो मुलीच्या थोडा पुढे गेलेला, काही पानांवर थोडा मागे राहिलेला. मुलगी शाळेत निघाली की झगा मागे रेंगाळतोय, शाळा सुटली की तिच्या आधी घराकडे धावतोय. पाच वर्षांच्या पोरीला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. आपल्यासारखीच आहे ही, एवढं तिला कळलं. ती पेन्सिल घेऊन बसली, म्हणजे उभी राहिली, आणि त्यानंतर तिने आयुष्यात कधी रंग रेघेत कोंडला नाही. तिची बदकं त्यांच्या पिवळ्याच्या पुढे पळायची, तिच्या म्हाताऱ्यांचा निळा स्वेटर त्यांच्या मागून दमत यायचा. पुढे हीच तिची ओळख झाली. कुणी विचारलं की ती अभिमानाने सांगायची, "हे माझं नाही, मुंगीबाईंचं देणं आहे." मुंगीबाईंची बाकीची पुस्तकं तिने नंतर पाहिली (हे मात्र बाजारातून केव्हाच संपलं होतं), त्यांत रंग अगदी शहाण्यासारखा रेघेत बसलेला होता. त्यालाही तिच्याकडे उत्तर तयार होतं: प्रकाशकांनी घाबरवलं असणार बिचारीला.

मग एके दिवशी तिच्या प्रकाशनाच्या संपादकाचा फोन आला. हा माणूस फोनवर नेहमी काहीतरी खात असायचा.

"ते उशिरा पोचणाऱ्या मुलीचं पुस्तक नव्याने काढतोय," तो चावत चावत म्हणाला. "मूळ चित्रं ओल लागून गेली. बाई आहेत अजून, पण हात थरथरतो. चित्रं तुम्ही काढायची. अट एकच, बाईंना पसंत पडली पाहिजेत."

चुळबुळीने फोन ठेवला आणि घराला तीन फेऱ्या मारल्या. ज्या चित्रांवर आपण वाढलो तीच आपल्या हातून पुन्हा व्हायची, यापेक्षा मोठं तिला आयुष्याकडून काही नको होतं. काही चित्रं तिने झपाटल्यासारखी काढली आणि मुंगीबाईंना दाखवायला निघाली. जुनं पुस्तक बरोबर नेलं नाही. वाटेत हरवलं तर काय घ्या.

मुंगीबाईंची खोली बघूनच तिला धाकधूक वाटली. सगळ्या पेन्सिली एका उंचीच्या, टोकं एका दिशेला. पुस्तकांच्या कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ. ऐंशी पार केलेली बारीकशी बाई ताठ बसली होती. चुळबुळ हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली, ते कशाला लागू नयेत म्हणून. बाईंनी चष्मा पुसला, पहिलं चित्र डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं.

"रेघ छान आहे गं तुझी," त्या म्हणाल्या. "पण हे सांडलंय."

"काय सांडलंय, बाई?"

"लाल. झग्याबाहेर आलाय."

चुळबुळ हसली. बाई आपली परीक्षा घेतायत असंच तिला वाटलं. "बाई, हे तर तुमच्याकडूनच शिकले. याच पुस्तकातून."

बाई उठल्या, कपाट उघडलं, पुस्तक आणून तिच्यापुढे ठेवलं. तेच पुस्तक, कव्हर असलेलं. तीच मुलगी, तीच मुंगी. आणि लाल रंग झग्याच्या रेघेत चोख बसलेला, कुठे केसभर इकडे नाही की तिकडे नाही. चुळबुळीने पानं उलटली, परत उलटली. तिच्या पायाखालची वाळूच सरकली.

"तुझ्याकडची प्रत बिघडलेली असणार," बाई म्हणाल्या. "छापताना होतं तसं. मी उभ्या आयुष्यात रेघेबाहेर रंग लावला नाही. लोक म्हणतील हिला येत नाही. हा लाल नीट बसवून आण. मग बघू."

रेघ छान आहे, हे शब्द या बाईंच्या तोंडून ऐकायला ती जन्मभर थांबली होती. ते कानावरून गेले आणि तिला कळलेसुद्धा नाहीत.

घरी आल्यावर तिने लाल नीट बसवायला घेतला. काय कठीण होतं त्यात? शाळेतली पोरंही बसवतात. तिने अगदी सांभाळून झगा रंगवला आणि लांबून पाहिला. मुलगी रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी उभी होती. दुसरं काढलं, तिसरं काढलं. पोरगी जागची हलेना, आणि इकडे चुळबुळीला एका जागी उभं राहवेना. खिडकी, गॅस, टेबल, पुन्हा खिडकी. दूध दोनदा उतू गेलं. नवऱ्याने चहा आणून ठेवला तर त्याच्यावरच खेकसली. तिची लेक हळूच म्हणाली, "आई, थोडा बाहेर जाऊ दे ना, नेहमीसारखा." ती ओरडली, "नेहमीसारखा म्हणजे काय? नेहमीसारखा म्हणजे चुकलेला!"

दुखणं हेच होतं. पुस्तक हातचं जाईल ही भीती होतीच, पण त्याहून वाईट विचार तिला कुरतडत होता. लोकांनी ज्याला तिची सही म्हणून डोक्यावर घेतलं, ते मुंगीबाईंचं नव्हतं आणि तिचंही नव्हतं. एका मशीनने एका दिवशी केलेली घाण होती. इतकी वर्षं ती एका बिघाडाची चेली होऊन मिरवत होती. तिने गुरूंच्या भिंतीवरचा वाघ उतरवला, टोमॅटो उतरवला, आतडंही उतरवलं. फळीवरचं पुस्तक काढायला हात गेला, आणि तिथे ती थबकली. हे ज्या मशीनवर बिघडलं ते मशीन चालवणारा माणूस मागच्या खोलीत रेडिओ फुल्ल आवाजात लावून बसला होता.

मशीनच्या धडधडीत बाबांचे कान गेले होते. त्यांच्याशी भांडायचं तर शेजाऱ्यांनाही भांडण ऐकू जायचं. तिने रेडिओ बंद केला आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, हा लाल का सरकलाय?"

"कुठं?"

"बाबा!"

त्यांनी पुस्तक उजेडाला धरलं, उगाच चष्मा शोधला. चष्मा नाकावरच होता. "जुनी गोष्ट आहे. आता उकरून काय करायचंय?"

"माझी झोप उडालीय बाबा. माझ्या कामाचा प्रश्न आहे. तुमच्या हातून बिघडलं ना?"

"फोरमनला तरी मी तसंच सांगितलं," ते म्हणाले, आणि रेडिओकडे हात नेला. ती उभीच राहिली. मग त्यांना बोलावंच लागलं.

"तुझी आई तुझ्या भावाच्या वेळी दवाखान्यात होती. तुला ठेवायला कुणी नव्हतं. मशीनजवळ स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, हलायचं नाही. म्हटलं कुणाला, तर तुला!" ते स्वतःशीच हसले. "काळा आधी छापून झाला होता, वरून लाल चढवत होतो. शाईचा डबा आणायला वळलो. कागद ज्या पट्टीला टेकून आत जातो ना, ती पट्टी एका स्क्रूवर असते." त्यांनी दोन बोटांनी हवेत स्क्रू फिरवला.

"म्हणजे मी?"

"मग काय मी? स्वतःच्या पोटावर पाय आणायला? जिभेचं टोक बाहेर काढून अगदी मन लावून फिरवत होतीस. मला कळेपर्यंत गठ्ठा निघून गेला होता. सगळी चित्रं एकाच मोठ्या कागदावर, निम्मी पानं सुलटी, निम्मी उलटी. म्हणून कुठे लाल पुढे गेला, कुठे मागे. माझी मशीनवरून उचलबांगडी झाली, बरेच दिवस कागद कापायला, कटिंगला घातलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"पाच वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? म्हटलं, कागद तर वाया गेलेच, हिला पुस्तक तरी होईल. पुढे तू चित्रं काढायला लागलीस, तर तिथेही लाल बाहेरच! तुझं कौतुक व्हायला लागलं. म्हटलं, आता मूग गिळून बसलेलंच बरं." त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. तुझे हात मशीनवर दिसले."

चुळबुळ त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली आणि हसली. दोन्ही एकदमच चाललं होतं. नवरा दारातून डोकावला, तिला बसलेली बघून घाबरला, आणि मुलांना हाका मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती तीच पहिली चित्रं, एक ठिपकाही न बदलता, आणि शिवलेलं पुस्तक घेऊन मुंगीबाईंकडे गेली. सगळं सांगून टाकलं. बाईंचा पारा चढला.

"म्हणजे माझं पुस्तक बिघडवणारी तू!"

"हो बाई."

"वर तोंड करून सांगतेस!"

"सांगते बाई. तुमची रेघ मी तुमच्याकडून घेतली. लाल मात्र माझा आहे. तो मला आत घालता येत नाही. तुम्ही नको म्हणालात तर काम सोडते."

बाईंनी शिवलेलं पुस्तक ओढून घेतलं. रागाने पहिलं पान उलटलं, दुसरं जरा हळू. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबल्या. चुळबुळीने त्या वेळात रुमालाचा चोळामोळा केला.

"ही पळतेय," बाई शेवटी म्हणाल्या. आवाज बदलला होता. "माझी कधी पळलीच नाही. छापून आलं तेव्हाच मला खुपलं होतं. पण कुणी तसं म्हणालं नाही, मग मीही बोलले नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली. हात थरथरत होता. चुळबुळीच्या चित्राच्या कोपऱ्यात त्यांनी मुंगी काढली, पण चौकटीच्या आत नाही. मुंगीचं अर्धं अंग चौकट ओलांडून बाहेर निघालं होतं.

"डोळ्यांना अजून बोचतंय हं मला," त्या म्हणाल्या. "बोचू दे. जा, छाप."

छपाईच्या दिवशी बाबा हटून बसले, मीही येणार. नव्या छापखान्यात गेल्यावर ते एवढ्या मोठ्या मशीनभोवती निमूट फिरले. पहिला कागद निघाला. मशीनवाला जाडजूड, घाईचा माणूस होता. त्याने कागदावर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "अरेच्चा, लाल सरकला! थांबा मॅडम, बसवतो." त्याचा हात बटणांकडे गेला.

बाबांना ऐकू काही आलं नाही, पण तो हात दिसला. त्यांनी खिशातून जुनं भिंग काढलं आणि कागदाच्या कडेच्या खुणा तपासल्या. प्रत्येक रंगाचं बारीक फुलीचं चिन्ह दुसऱ्यावर अचूक बसलेलं होतं, म्हणजे छपाई चुकलेली नव्हती. मग त्यांनी मशीनवाल्याचं मनगट धरलं.

"राहू दे. जागेवर आहे."

"काका, बघा की, रेघेच्या बाहेर गेलाय. कुणाच्या हातून झालं हे?"

तो प्रश्न मात्र त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळला; तो त्यांना पूर्वीही एकदा विचारला गेला होता. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळा छापखाना वळून बघेल असं, ते म्हणाले, "माझ्या हातून नाही. माझ्या पोरीच्या हातून!"